सात नंबरच्या खाटेवरचे साहेब

"साहेब, गोळी घ्या," असं वैष्णवी सिस्टर म्हणाली आणि सात नंबरच्या खाटेवरचे सिताराम ताडकन उठून उभे राहिले.

"कोन साहेब आले?" त्यांनी हळूच विचारलं. एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. सगळा वॉर्ड फुटलेल्या कापसाच्या रानासारखा पांढुरका दिसत होता. चौतीस वर्षं जिंतूरला कचेरीत शिपाई होते ते. साहेब म्हटलं की अंग उठायचं, डोक्याला विचारत बसायचं नाही.

डॉक्टर धावत आले. "टाका ताजा आहे, बाबा! आणखी एक झटका बसला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. मग दिसेलच, असं सांगता येणार नाही."

खाटेशेजारी बसलेल्या सुलाबाईंनी त्यांना धरून परत आडवं केलं. सहा महिने नवरा त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखत होता.

दवाखान्यात नवा नियम निघाला होता. पेशंटशी काका-मामा अशी नाती लावायची नाहीत, मान द्यायचा. वैष्णवीनं गोळी भरवली आणि मऊ आवाजात म्हणून पाहिलं, "सितारामजी, पडून राहा हं."

"जी म्हनायलेत, इलेक्शन लागलं का काय?" म्हणत सिताराम कोपरावर उठले.

वैष्णवी घाबरून ओरडली, "सिताराम!"

"आलो साहेब!" त्यांचे पाय खाली चपला शोधू लागले.

सुलाबाईंनी ते पाय उचलून परत खाटेवर ठेवले. "आवो, निजा की गुमान! कोनी आलं न्हाई. हितं साहेब तुमीच."

"मी?"

"तुमालाच म्हनायलेत सगळे."

सिताराम दाराच्या दिशेनं वळले. मग काळजीनं म्हणाले, "मंग दारावर कोन हाय?"

"कोनी न्हाई."

साहेब आत आणि दारावर कोणी नाही, हे काही बरं नव्हतं. गोळीची गुंगी हळूहळू चढत गेली. पाठीला टॉवेल टाकलेली साहेबांची खुर्ची तरंगत आली. खुर्चीत सिताराम बसले होते, थकलेले, डोळ्याला पट्टी बांधलेले. दारातल्या स्टुलावरही सितारामच होते. खुर्चीतल्या माणसाची त्यांना फार दया आली. बिचाऱ्याला कधी कुणी आडवं पडू दिलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर मोठ्यानं विचारत आले, "काय साहेब, कसं काय?"

सुलाबाईंनी दोन्ही हातांनी नवऱ्याचे पाय दाबून धरले. पण सिताराम तसूभरही हलले नाहीत. नुसतं एक बोट ओठांवर गेलं.

"हळू बोला. साहेबांचा आत्ताच डोळा लागलाय. भाईर बसा, बोलवतो."

डॉक्टर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.