पोस्ट सोडलेला जवान

मी आबांना फक्त एवढंच सांगायचं ठरवलं होतं, की या वेळी आपल्या जवानाची गोष्ट येणार आहे. एक वाक्य. तेही जेवताना, हळू आवाजात. त्या एका वाक्यामुळे रविवारी आमच्या सोप्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसेल, आई दारात पहारा देईल आणि माझ्या हातून जे व्हायचं ते होईल, हे ठाऊक असतं तर मी मुकाट्याने भात कालवला असता. (मुकाट्याने भात कालवणं मला चांगलं जमतं.)

माझं नाव क्रांती. हे नाव मला शोभत नाही, असं सगळ्यांनी सांगून झालंय. वर्गात मी 'हजर' म्हणते तेव्हा बाई बाकाकडे बघून खात्री करून घेतात. एकदा मी वर्गात असून माझी गैरहजेरी लागली. ती दुरुस्त करा म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून मी दिवसभर गैरहजर बसून राहिले.

आई म्हणते, हे सगळं आबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर गेलंय. आबा लाजाळू नाहीत, ते नुसतेच बोलत नाहीत. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेत. आमचं गाव खंडाळा तालुक्यातलं. इथे प्रत्येक घरातलं एक माणूस फौजेत असतं आणि एक फौजेतून आलेलं असतं, त्यामुळे गावात 'जेवण झालं का' यापेक्षा 'रजा किती' हे जास्त विचारतात.

आता त्या गेमविषयी. सांगलीचा माझा मामेभाऊ वीरधवलदादा इंजिनिअरिंगला आहे. त्याची परीक्षा आली की मामी त्याचं गेमचं मशीन आमच्याकडे पाठवून देते, कारण 'तुमच्याकडं कोण खेळत नाही'. (मी खेळते. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.) दादाची परीक्षा म्हणजे माझी दिवाळी. त्यात एका गडाचा गेम आहे. आपण एका तलवारवाल्याला चालवायचं, राक्षस मारायचे, खजिना शोधायचा. मला त्यातलं काही विशेष वाटत नाही. मला आवडतो तो गडाच्या उत्तर दारावरचा पहारेकरी.

तो भाला धरून उभा असतो. पाऊस असो, बर्फ असो. त्याच्याजवळ गेलं की तो एकच वाक्य बोलतो, "मी हे दार का सोडत नाही, ते एक दिवस सांगीन. आज नाही." पहिल्या भागात हेच. दुसऱ्या भागातही हेच. जगभरातल्या मुलांनी त्याच्यावर व्हिडिओ केले. कोणी म्हणालं त्याची बायको आत पुरलीय, कोणी म्हणालं तोच खरा राजा.

आबा येताजाता टीव्हीकडे बघायचे. एक दिवस ते माझ्याशेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "ह्याची रजा मंजूर झाली नसंल."

आबा माझ्याशी आपणहून बोललेलं ते त्या महिन्यातलं पहिलं वाक्य. तेव्हापासून मी गेम लावला की ते येऊन बसायचे. राक्षसांत त्यांना रस नव्हता. "आपल्या जवानाकडं चल," एवढंच म्हणायचे. मी जायचे. तो आपलं वाक्य बोलायचा, मी मराठीत सांगायचे, आबा मान हलवायचे. बापलेकीत एवढं बोलणं पुष्कळ झालं.

तर तिसरा भाग आला, आणि त्यात पहारेकऱ्याची पूर्ण गोष्ट आहे असं कंपनीने जाहीर केलं. आमच्या रेंजवर तो भाग उतरायला अख्खा आठवडा गेला. शनिवारी उतरला, आणि रविवारी संध्याकाळी दादा मशीन न्यायला येणार होता. म्हणजे माझ्या हातात एक रविवार होता. म्हणून मी जेवताना ते वाक्य बोलले.

आबा भात कालवत राहिले. पण रविवारी सकाळी ते डेअरीत दूध घालायला गेले आणि तिथे लालासाहेबकाकांना बोलले. लालासाहेबकाका रिटायर सुभेदार. त्यांना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. फरक एवढाच, की दवंडीवाला मधेमधे थांबतो.

नऊ वाजता आमच्या दारात चपला एका रेषेत लागल्या. लालासाहेबकाका खुर्चीत बसले. मिशीला तेल होतं. शेजारी भाऊसोकाका. ते फौजेत लंगरला होते, म्हणजे त्यांनी पलटणीला जेवू घातलं. आबा सतरंजीवर, माझ्याशेजारी. इस्त्रीचा शर्ट घालून.

"कर सुरू," लालासाहेबकाका म्हणाले. "बघू दे त्याची काय अडचन हाय ती."

मी सुरू केलं. माझा तलवारवाला गडावर पोचला. उत्तर दार आलं. पहारेकरी उभा होता. आबांनी श्वास रोखला. मीही.

पहारेकरी म्हणाला, "अरे, तू आलास. चल, गावात जत्रा आहे." त्याने भाला भिंतीला टेकवला आणि चालू लागला.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. दोन भाग. बर्फ, पाऊस, जगभरचे व्हिडिओ. आणि जत्रा.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

"जत्रेला जाऊ म्हणाला."

"थांब," लालासाहेबकाका म्हणाले. "दारावर कोन हाय आता?"

"कोणी नाही."

"बदली आली न्हाई?"

"नाही."

"बदली आल्याबिगर पोस्ट सोडली?" त्यांनी आबांकडे वळून बघितलं. "जयराज, तुजा जवान हाय न्हवं ह्यो?"

आबांची मान खाली गेली. "तसला न्हाई वो साहेब तो," ते म्हणाले. "काय तरी कारन आसंल."

"प्याला आसंल," भाऊसोकाका म्हणाले.

"तो पीत न्हाई," आबा म्हणाले. आबांना हे कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.

"कारन मागनं बघू. आदी दार सांबाळा," लालासाहेबकाकांनी हुकूम सोडला. "क्रांते, तुजा तो तलवारवाला घे आनि उबा कर तितं."

मला म्हणायचं होतं, की काका, हा गेम आहे, दार कोणी नेत नाही, आणि माझ्याकडे फक्त आजचा दिवस आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "काका..."

"बोल."

"चहा घेणार?"

आईने चहा टाकला.

मी तलवारवाल्याला दारात उभं केलं. पण बटण दाबलं नाही, की हा गडी थोड्या वेळाने खाली बसतो आणि घोरायला लागतो. गेममध्ये ती गंमत म्हणून ठेवली आहे. लालासाहेबकाकांना गंमत वाटली नाही. "पहाऱ्यावर झोपतोय? उटव त्याला!" (दिवसभरात त्यांचा आवाज चढला तो एवढाच. पण शेजारची गाय उठली.) मी अंगठ्याने कंट्रोलरवरची कांडी हलवली. तो उठला. पुन्हा बसायला लागला. पुन्हा हलवली. तेव्हा असं ठरलं, की चौकशी पुरी होईपर्यंत कांडी आळीपाळीने हलवायची.

आणि माझा रविवार तिथे उभा राहिला.

भाऊसोकाकांनी पहिली पाळी घेतली. मग आबांनी. मग आईने, तांदूळ निवडता निवडता, एका हाताने. लालासाहेबकाका खुर्चीतून नजर ठेवून होते. अधूनमधून माझी साक्ष होई. जवानाचं वागणं आधी कसं होतं? चांगलं होतं. जेवायला कवा जायचा? कधीच गेलेला दिसला नाही. भाऊसोकाका एकदम कळवळले. "उपाशी ठेवलाय वो त्याला. रिकाम्या पोटी मानूस जत्रेलाच जानार."

"काका..." मी दुपारी पुन्हा धीर केला.

"बोल की."

"चहा?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, की साखर संपलीय हे मला न सांगता कळलं.

ऊन कलायला लागलं. माझा फोन वाजला. दादाचा होता. "क्रांते, साताऱ्यात पोचलोय. गाडी बदलली की आलोच. मशीन बांधून ठेव."

मी फोन ठेवला. टीव्हीवर तलवारवाला रिकाम्या दारात उभा होता. आबा कांडी हलवत होते, अगदी मन लावून, डोळे त्या भिंतीला टेकवलेल्या भाल्यावर. त्यांनाही ठाऊक होतं, की आज नाही कळलं तर तो दार का सोडत नव्हता, हे आम्हाला पुढच्या परीक्षेपर्यंत कळणार नाही. पण सुभेदारांपुढे हवालदार कसं बोलणार?

मी आबांच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. मागितला नाही, काढून घेतला. "मला पुढं बघायचंय," मी म्हणाले. आवाज माझाच होता, मी खात्री करून घेतली.

"आनि दारावर कोन?" लालासाहेबकाका म्हणाले.

भाऊसोकाकांनी आबांकडे बघितलं, आबांनी सतरंजीकडे. तेव्हा आईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि जाऊन आमच्या घराच्या दारात उभी राहिली. रस्त्याकडे तोंड करून.

"आवं सुबेदारसायेब, मी हाय दारावर," ती म्हणाली. "पोरीला खेळू द्या."

गडाचं दार कुठे आणि आमचं कुठे. पण लालासाहेबकाकांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "बदली आली. चला पुडं."

मी तलवारवाल्याला पळवत जत्रेत नेलं. पहारेकरी मिठाईच्या दुकानापाशी उभा होता. मला बघून तो हसला. मग गंभीर झाला. खालची अक्षरं मी मोठ्याने वाचत गेले, "मित्रा, आता वेळ आली आहे. मी ते दार का सोडत नव्हतो, ते ऐक..."

आबा पुढे सरकले. भाऊसोकाकांचा घोट घशात राहिला.

एवढ्यात दुकानातल्या म्हातारीने त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्याने तो तोंडात टाकला. धूर झाला. आणि पहारेकऱ्याचा मेंढा झाला.

तलवारवाल्याने आपलं सगळं सामान उचलून मेंढ्याच्या पाठीवर बांधलं. गेम पुढे चालू. मी पळत त्या मेंढ्याशी गेले आणि बोलायचं बटण दाबलं.

"काय म्हनतोय?" आबा.

"बें."

"म्हंजे?"

"बें म्हणजे बें, आबा."

मी पुन्हा दाबलं. बें. मी फोनवर शोधलं. सगळ्या जगात आरडाओरडा चालला होता. शेवटपर्यंत तो मेंढाच राहतो. दार का सोडत नव्हता, ते कंपनी सांगतच नाही. त्याची पूर्ण गोष्ट म्हणजे हीच. लाडू.

मी फोन सतरंजीवर टाकला. दारातून आईने विचारलं, "काय झालं?" तिला कोणी सांगेना. पहाऱ्यावर असल्यामुळे तिला वळून बघता येईना.

लालासाहेबकाकांनी घसा साफ केला. "दोन गुन्हे. बदली नसताना पोस्ट सोडली. ड्यूटीवर अनोळखी मानसाच्या हातचं खाल्लं. सजा, पिट्टू." पिट्टू म्हणजे पाठीवर वजन बांधून पळवणं.

"ते तर लागलेलंच हाय की," भाऊसोकाकांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. मेंढा ओझ्याखाली धापा टाकत होता.

"मग आनखी दोन दिस. जयराज, तुजं काय म्हननं हाय?"

आबांनी मान खाली घातली. सतरंजीचा एक दोरा ओढत बसले. मला वाटलं, आता हे उठतील, रानात जातील, आणि पुन्हा कधी माझ्याशेजारी येऊन बसणार नाहीत.

मी उभी राहिले आणि बोलायला लागले.

मी आयुष्यात एवढं कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, त्याचा गुन्हा नाही. तो गेला नाही, त्याला नेलं. पहिले दोन भाग ज्याने लिहिले त्याला हा माणूस ठाऊक होता, तिसरा ज्याने लिहिला तो आयुष्यात कुठल्या दारावर उभा राहिलेला नाही. असा माणूस लाडवासाठी भाला टाकत नाही. त्याचं काहीतरी मागे होतं, म्हणून तो तिथे होता. ते सांगायला त्याने तोंड उघडलं आणि लिहिणाऱ्याने त्या तोंडात लाडू कोंबला. पहाऱ्यावरची माणसं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं समजू नका. त्यांना विचारायला पाहिजे. विचारून थांबायला पाहिजे.

बोलताना माझे हात आपोआप हलायला लागले. एक हात वर गेला, दुसरा छातीशी आला, मुठी वळल्या. वक्तृत्व स्पर्धेतल्या मुली हातवारे का करतात, ते मला त्या दिवशी समजलं. आबांनी मान वर केली. त्यांचे डोळे मोठे झाले. भाऊसोकाकांचं तोंड उघडं पडलं. लालासाहेबकाका तर खुर्चीतून अर्धे उठले. माझ्या बोलण्यात एवढी ताकद आहे, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी आणखी जोरात मूठ आवळली.

मग माझ्या लक्षात आलं, की ते माझ्याकडे बघत नव्हते. आणि माझ्या मुठीत कंट्रोलर होता.

मी वळले. तलवारवाला सुरी पुसत होता. चूल पेटली होती, तिच्यावर पातेलं होतं. मेंढा कुठेच नव्हता. खाली अक्षरं आली, 'शिदोरीत जमा: मटण.' त्याखाली, 'गेम सेव्ह झाला.' मग तुतारी वाजली आणि सोन्याचा एक बिल्ला आला. उत्तम आचारी.

एकेक करून तिघेही उठून उभे राहिले.

"पोरी," शेवटी लालासाहेबकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी एवढा मऊ कधी ऐकला नव्हता, "आमी त्याला दोनच दिस देनार हुतो."

भाऊसोकाका बिल्ल्याकडे बघत होते. लंगरात एवढी वर्षं काढून त्यांना तसला मिळाला नव्हता.

तेवढ्यात दारात आवाज झाला. "थांब, कोन हाय?" आईने विचारलं. "आत्या, मी," दादा म्हणाला. तो आत आला, टीव्ही बघितला आणि पाठीवरची बॅग तशीच ठेवून उभा राहिला. "पहारेकऱ्याला कापता येतं?" त्याने विचारलं. "हे तर अजून कुणालाच माहीत नाही. कुणी केलं?"

आबा, भाऊसोकाका आणि लालासाहेबकाका एका ओळीत उभे होते. तिघांनीही समोर भिंतीकडे बघितलं. फौजेतली माणसं आपल्या माणसाचं नाव सांगत नाहीत. मला भरून आलं.

"आमची क्रांती बोलत हुती," आई दारातून म्हणाली.

दादा मशीन घेऊन सांगलीला गेला. आबा अजूनही संध्याकाळी सतरंजीवर माझ्याशेजारी येऊन बसतात, टीव्हीवर काही नसलं तरी. आम्ही थोडं थोडं बोलतो. गावातही आता लोक माझं बोलणं मन लावून ऐकतात. फक्त मी तोंड उघडलं, की ते आधी माझ्या हातात काय आहे ते बघून घेतात.