बिल्ड सर्व्हरची बाजू

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, बाणेरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, ‘आपले मेल कोणी वाचत नाही’ या बिल्ड सर्व्हरच्या तक्रारीवर सुनावणी झाली. सर्व्हर वेळेवर हजर होता. एचआरच्या प्रमुख उज्ज्वला तांबोळकर वीस मिनिटं उशिरा आल्या.

सर्व्हरचं काम सोपं आहे. इंजिनिअरांनी लिहिलेले प्रोग्रॅमचे तुकडे जोडून पाहायचे (या जोडणीलाच बिल्ड म्हणतात) आणि जोड बसली नाही की जबाबदार माणसाला ‘बिल्ड फेल’ असा मेल टाकायचा. जबाबदार म्हणजे त्या फाइलला शेवटचा हात लावणारा. इथले इंजिनिअर निनाद खांबेटे यांनी तीन वर्षांपूर्वी एका फाइलमधली रिकामी ओळ काढली. तेव्हापासून त्यांना रोज सहाशे मेल येतात. त्यांनी ते बंद करूनही पाहिले; पण बंद करायचा बदल सर्व्हरवर चढवला की नवा बिल्ड सुरू होतो, फेल होतो आणि मेल येतो. ही कंपनी इतरांचा कारभार सुधारून देते.

“मॅडम, घरांच्या सोडतीचा निकाल गुरुवारी आहे,” निनाद म्हणाले. “नंबर लागला तर मेल येणार, चोवीस तासांत होकार द्यायचा. अकरा वर्षं भाड्याने राहतोय. या ढिगात तो सापडणार कसा?”

“साडेसहा लाख मेल पाठवले,” सर्व्हर म्हणाला. “एकाला उत्तर नाही. ‘पाहतो’ एवढंसुद्धा नाही.”

“अरे, तू मशीन आहेस!”

“मॅडम, यांना अहोजाहो करायला सांगा. मी यांच्या आधीपासून इथे आहे.”

तांबोळकरांनी नोंदी तपासल्या. सर्व्हर आठ महिन्यांनी सीनियर निघाला. निनाद यांनी माफी मागितली. ती लेखी घेण्यात आली.

“तोडगा काढू,” मॅडम म्हणाल्या. “निनादचे सगळे मेल आता सर्व्हर वाचतील. स्वतःचे काढून टाकतील, बाकीच्यांचं योग्य ते करतील.”

“योग्य ते म्हणजे?” निनाद यांनी विचारलं.

“ते त्यांना कळतं.”

बुधवारी निनाद यांना एकही मेल आला नाही. त्यांनी तीन वर्षांत प्रथमच डबा गरम असताना खाल्ला.

गुरुवारी दुपारी चार वाजता सोडतीचा मेल आला. सर्व्हरने एका सेकंदात होकार कळवला, स्वतःच्या नावाने. मेल वाचेल त्यानेच उत्तर द्यायचं असतं, असं त्याचं म्हणणं आहे. छाननीत सलग वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. निनाद यांनी अकरा वर्षांत सात घरं बदलली होती. सर्व्हरने एकाच पत्त्यावरून पाठवलेले साडेसहा लाख मेल जोडले. अधिकाऱ्यांनी इतकी नीट फाइल आजवर पाहिली नव्हती. फ्लॅट सर्व्हरच्या नावावर झाला.

शनिवारी निनाद त्या फ्लॅटवर गेले. सर्व्हर त्या वेळी बाणेरला चौथ्या मजल्यावर, जागच्या जागी, चालू होता. फ्लॅटला आतून कडी होती. ती कोणी लावली, हे कंपनीने, सोडत कार्यालयाने आणि खुद्द सर्व्हरने अजून सांगितलेलं नाही.