साडेसातचे अप्पा आणि त्यांचा तोतया

श्रीगणराय, शारदा आणि कुलस्वामिनी यांस वंदन करून, आणि सायंकाळी साडेसात ते आठ या सव्वा घटकेत दिवे न घालविणारे जे कोणी दैवत असेल त्यासही दंडवत घालून लिहिले जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य द्वादशी, मंगळवार, ते दिवशी राज्यात तोतया प्रकट जाहला. वाहिनीचे कारभाऱ्यांनी आज्ञा केली की, 'भरलं घर' ही मालिका सतरा वर्षे चालली, मागून कैक मालिका आल्या आणि बुडाल्या, परंतु ही हलत नाही, याचे कारण काय ते साद्यंत लिहून पाठवावे. त्यावरून यथामती लिहितो. बखरकार स्वतः मालिका पाहत नाही. त्याचे पान त्याच खोलीत मांडितात आणि भूक नेमकी साडेसातास लागते, येवढाच काय तो संबंध.

मालिकेचा मजकूर ऐसा जे, एका धाकट्या गावात अप्पा नामे निवृत्त मास्तर, त्यांची स्त्री माई, तीन पुत्र आणि तीन सुना इतका परिवार. लढाई नाही, खून नाही. एकदा मधल्या सुनेचे कानातले हरवले, ते सापडेतो राज्यात दोन निवडणुका जाहल्या. धाकटी बावीस महिने गरोदर राहिली, आणि गावच्या डॉक्टरीणबाईही रोज पाहत असता त्यांनी हरकत घेतली नाही. लोक म्हणत, यात घडत काही नाही, आणि म्हणत म्हणत पाट ओढून समोर बसत. साडेसातास बाजारपेठ ओस पडे, भांडणारे भांडण मध्येच ठेवून घरी जात आणि आठानंतर येऊन तेथूनच पुढे चालवीत. अप्पा चहा बशीत ओतून पीत, आणि घरात कितीही रण माजले तरी म्हणत की, आधी जेवून घ्या, मग भांडा. या एका वाक्यावर राज्य सतरा वर्षे स्थिर राहिले. मोठमोठ्या मुत्सद्द्यांस इतके साधले नाही.

मग थोरले अप्पा, म्हणजे जे नट अप्पांचे काम करीत ते, गुडघ्यांनी हटले आणि कन्येकडे परमुलखी गेले. कारभाऱ्यांनी खलबत केले. एक बोलिला की अप्पांस हृदयविकाराने मारावे, आणि दुसरा बोलिला की अप्पा मेले तर मालिकाही मेली, मग तेराव्याला जेवून आपणांसही उठावे लागेल. तेव्हां हणमंतराव साळवी नामे नट आणिला. हा पुरुष तीस वर्षे ऐतिहासिक नाटकांत जासूद होत असे, धापा टाकीत येई, घात झाल्याची खबर देई आणि मुजरा करून जाई. त्यास अप्पांची टोपी आणि चष्मा चढविला, आणि मंगळवारी पडद्याखाली पट्टी धावली की आजपासून अप्पांचे काम हे करितील. आणि माईने सतरा वर्षांच्या भ्रतारास द्यावा तैसा चहा त्या परक्यास दिला, आणि तिघी सुना वाकून पाया पडल्या, आणि कोणाचे चर्येवर शंका म्हणून नाही. राज्याने मात्र शंका घेतली. पूर्वी थोरामोठ्यांचे तोतये निघाले, तेव्हां खुणा विचारून परीक्षा करीत. तैसीच याची करावी, ऐसा पुकारा आमच्या कसब्यात उठला. निवृत्त मुख्याध्यापिका कुसुमावतीबाई महिला मंडळाच्या सरसेनापती. त्यांनी चारशे सह्यांचा खलिता वाहिनीस धाडिला. कारभारी घाबरले. त्यांनी उत्तर केले की नवे अप्पा जातीने कसब्यात येतील, रयतेने पारखून घ्यावे. मानले तर उत्तम, न मानले तर महिनाअखेर मालिका बंद.

त्याच कसब्यात दिगंबरपंत केळशीकर, निवृत्त पोस्टमास्तर, आणि त्यांचे कुटुंब उमाबाई राहत. पंतांस एके काळी अख्ख्या तालुक्याचे पत्ते मुखोद्गत होते. नुसते आडनाव सांगावे, पंतांनी आळी आणि घराचा रंग सांगावा. पुढे विसरण्याचे दुखणे लागले. आधी पत्ते गेले, मग लेकाचे नाव गेले, आणि दोन वर्षांपूर्वी एके सकाळी त्यांनी उमाबाईंस विचारिले की, बाई, आपण कोणाकडच्या? बाईंनी सांगितले की मी तुमची बायको. त्यावर पंत विनयाने म्हणाले, "असेल बाई." त्या दिवसापासून बाई रोज सांगत आणि पंत रोज तेंच म्हणत. लग्नास बावन्न वर्षे झालेली. लग्नातला फोटो दाखवावा, तर पंत म्हणत की जोडा छान आहे. परंतु साडेसातास नवल होई. पंत टोपी घालून बसत, अप्पा दिसताच हात जोडीत, बोलू लागत, हसत, अप्पांच्या मधल्या सुनेस सबुरीचा सल्ला देत. दिवसभराचा मुका मनुष्य ती सव्वा घटका माणसांत येई. बाई त्या वेळी शेजारी बसून घेत. तितकाच काय तो त्यांचा संसार उरला होता.

मंगळवारी पट्टी धावणार ही वार्ता सकाळीच फुटली होती. यांच्या ओळखीचे एकच मनुष्य जगात राहिले, तेही आज परके निघाले तर मग काय, या भयाने बाईंनी टीव्हीची पिन काढून ठेविली आणि पंतांस सांगितले की दिवे गेलेत. पंत टोपी घालून काळ्या पडद्यासमोर आठपर्यंत बसले. दुसरे दिवशी तैसेच, तिसरे दिवशीही तैसेच. आठ दिवस दिवे गेले, आणि डोईवर पंखा फिरत होता.

नववे दिवशी हणमंतराव आले. वाचनालयाच्या सभागृहात दरबार भरला. कुसुमावतीबाईंनी खुणा विचारिल्या की, थोरल्या सुनेने पहिल्या दिवाळीस काय करपविले, अप्पांची लाडकी काठी कोणत्या भागात मोडली. तोतयास एकही सांगता येईना. बशीत चहा देविला, तर निम्मा धोतरावर सांडला. सभा हसली. तेव्हां हणमंतरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "बाई, मी अप्पा नाही. मी साळवी. तीस वर्षांत पहिल्यांदा मला बसून बोलायचं काम मिळालंय. तुम्ही नको म्हणालात तर जातो." सभेस वाईट वाटले, परंतु वाईट वाटले म्हणून गादी देता येत नाही. मग एक शहाणा उठून बोलिला की, ज्यास पोटचा लेक ओळखू येत नाही पण अप्पा ओळखू येतात, ऐसा निःपक्ष साक्षीदार आपणांत आहे. पंतांस आणावे, ते म्हणतील ते प्रमाण. सर्वांस हे पटले. गर्दीत एखादी भलतीच गोष्ट सर्वांस लवकर पटते.

उमाबाई सभेत मागे बसल्या होत्या. त्या प्रथम नको म्हणाल्या, मग आठ दिवसांचे दिव्यांचे खोटे त्यांनी आपण होऊन सांगितले, आणि म्हणाल्या की बावन्न वर्षांच्या संसारातले आता ह्याहून फार काही जायचे उरले नाही. हणमंतराव म्हणाले, पंतांस येथे ओढून आणू नये, मीच घरी येतो. तेव्हां सर्व लवाजमा केळशीकरांचे दारी गेला, फौज अंगणात राहिली, कुसुमावतीबाईंनी खिडकी धरिली, आणि तोतया टोपी पुन्हा चढवून एकटा आत जाऊन खुर्चीवर बसला. साडेसात वाजत होते. पंत टोपी घालून पलंगावर बसून काळ्या पडद्याकडे पाहत होते. त्यांनी मान वळविली आणि तोतयास पाहिले. टोपी पाहिली, चष्मा पाहिला, धोतरावरचा चहाचा डाग पाहिला. उमाबाईंनी दाराची चौकट धरिली होती.

पंत म्हणाले, "या अप्पा. आठ दिवस दिवे नव्हते हो, भेट नाही झाली."

अंगणात एकच जल्लोष जाहला, पेढे वाटिले, आणि कुसुमावतीबाईंनी खिडकीतूनच मान्यता जाहीर केली. तोतयाचे अप्पा जाहले आणि मालिका वाचली. बाहेरच्या गलबल्यात आतले कोणास ऐकू आले नाही. बखरकार खिडकीखाली होता म्हणून त्यास ऐकू आले. पंत पुढे झुकून हळूच म्हणाले, "अप्पा, एक विचारू? या बाई कोण? रोज जेवू घालतात. माणूस चांगलं आहे, पण विचारायचं कसं."

हे तेच हणमंतराव, ज्यांनी सभेत टोपी काढून आपण अप्पा नाही म्हटले होते. त्यांनी उमाबाईंकडे पाहिले. बाईंनी डोळे मिटले होते. मग ते अप्पांच्या आवाजात, सावकाश म्हणाले, "पंत, ही उमा. तुमची बायको. बावन्न वर्षं झाली."

"असं होय," पंत म्हणाले. "तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार." आणि ते पलंगावर सरकले, शेजारची चादर हाताने सारखी केली आणि म्हणाले, "उमा, उभी का? बस ना."

बाई बसल्या. हणमंतराव खाली मान घालून बाहेर आले आणि लोकांनी पेढा दिला तो हातातच राहिला.

दुसरे दिवशी पंत सर्व विसरले, हे सांगणे नलगे. सकाळी त्यांनी पुसिले की, बाई, आपण कोणाकडच्या? बाई म्हणाल्या, "मी उमा, तुमची बायको. अप्पांनी सांगितलंय." आणि पंत म्हणाले, मग खरं, आणि पलंगावर सरकले. तेव्हांपासून रोज हेच चालते. बावन्न वर्षे खरे बोलणाऱ्या बाईस आपल्याच घरात तोतयाची साक्ष काढावी लागते, आणि ती काढून बाई सुखी आहेत.

येणेप्रमाणे मजकूर. मालिका इतकी का टिकली हे कारभाऱ्यांनी पुसिले होते. बखरकारास विद्वानांसारखे कारण देता येत नाही. जितके खिडकीखालून ऐकिले तितके लिहिले. विनंती इतकीच की अप्पांस मारू नये. एका बाईचे कुंकू त्यांच्या शब्दावर आहे. साडेसात होत आले, पान मांडिले आहे, सबब लेखणी येथेच ठेवितो.