गावंडे सरांचं लेबनॉन

मागच्या जानेवारीत एका सकाळी मी गॅरेजचं दार वर केलं, तर माझ्या ड्राइव्हवेवर भूमध्य समुद्र पसरलेला होता. रात्रभर बर्फ पडलं होतं आणि शेजारच्या गावंडे सरांनी, मी न सांगता, ते शोव्हल करून टाकलं होतं. फक्त कडेला न टाकता त्यांनी त्याचे पाच ढीग मधोमध रचले होते. सर हातात फावडं घेऊन ढिगांमध्ये उभे होते, गाल लाल, टोपी एका कानावर.

"हा फ्रान्स," ते म्हणाले. "ह्याच्यावर गाडी घालू नको. हा इराण, तो सौदी. अमेरिका मोठी झाली, म्हणून तिले तुझ्या कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवली. आन मधात जे चिमुकलं दिसून राहिलं ना, ते लेबनॉन."

मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये साडेसातला हजर व्हायचं होतं. मी शेवटी बस पकडली. फ्रान्स दुपारपर्यंत तसाच होता.

गावंडे सर मूळचे अचलपूरचे, तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. बायको, सुमन, गेल्यावर मुलानं, अमोलनं, त्यांना कॅनडात हॅलिफॅक्सला आणलं. इथे आलेले बाकीचे आजोबा देवळात जातात, नाहीतर मालिका बघतात. सरांनी लेबनॉन घेतलं. अमरावती जिल्ह्यापेक्षाही लहान असा हा देश. काही वर्षांपूर्वी तिथल्या बँकांनी लोकांना त्यांच्याच ठेवी द्यायचं बंद केलं. आजही हप्त्याहप्त्यानं थोडं काही हातावर ठेवतात, बाकीचं अडकलेलं. हे असं का झालं, ह्याचा शोध सर आमच्या गल्लीत बसून लावत होते.

"बँकेत इंटरेस्ट दोन प्रकारचा असते," ते सांगायचे. "एक पासबुकात लिहितात, दुसरा लिहीत नाहीत." दुसरा म्हणजे देशांचा. कोणाला तिथलं बंदर हवंय, कोणाला समुद्राखालचा गॅस, कोणाला नुसतंच शेजाऱ्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा. बुडणाऱ्याला हात द्यायला सगळे तयार, पण प्रत्येकाचा हात आधी त्याच्या खिशाकडे जातो, असं त्यांचं म्हणणं. हे ते ग्रोसरीच्या रांगेत सांगत, फेरीबोटीवर सांगत, दातांच्या डॉक्टरलाही सांगत. तेही तोंडात कापूस असताना. त्यांची नात रिया त्यांना बघितलं की आधीच हात जोडायची, "आबा, प्लीज, नॉट लेबनॉन अगेन."

पण खरं सांगायचं तर त्यांचा उत्साह संसर्गजन्य होता. मला लॅबमध्ये जेवताना बैरूतच्या बातम्या बघायची सवय लागली. नवी बातमी दिसली की मी घरी यायच्या आधी सरांना फोन करायची आणि ते म्हणायचे, "सकाळीच वाचली. तू थकेल असशील, चहा टाकून ठेवतो, लवकर ये, लय मोठा घोळ झाला."

संक्रांतीच्या कार्यक्रमाची जबाबदारी आमच्या मंडळानं माझ्यावर टाकली होती. 'निवृत्तीनंतरचे छंद' ह्या विषयावर सरांना दहा मिनिटं दिली. ते म्हणाले, अर्धा तास दे, आणि एक पाहुणा आणू दे. पाहुणा म्हणजे समोरच्या घरातले नबील. लेबनॉनहून तरुणपणी आलेले, चाळीस वर्षं बेकरी चालवलेले. मी त्यांना वर्षभरात फक्त खिडकीत पाहिलं होतं. त्या दुपारी ते कोट-टाय घालून पहिल्या रांगेत बसले.

छंद राहिले बाजूला. सरांनी थेट इंग्रजीत सुरुवात केली, वऱ्हाडी हेलात. सभागृहात सुस्कारे ऐकू आले. मग त्यांनी तिळगुळाच्या टेबलावरचा कपडा ओढून घेतला आणि चार जणांना चार टोकं धरायला लावली. खजिनदार कुलकर्णी फ्रान्स, जोशीवहिनी इराण, अमोल सौदी, माझा नवरा अमेरिका. मधोमध तिळगुळाचा स्टीलचा डबा. "ह्या लोकांच्या ठेवी," सर म्हणाले. "आता प्रत्येकानं आपल्या बाजूला ओढा. हळूच. कोणाला कळता कामा नये."

सुरुवातीला सगळे लाजत होते. पण जोशीवहिनी एकदा इरेला पेटल्या की पेटल्या. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, मुलं खुर्च्यांवर चढली, कुलकर्णी घामाघूम झाले आणि डबा कलंडून सगळा तिळगूळ जमिनीवर उधळला. टाळ्या पडल्या. रियासुद्धा टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात इथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे करंदीकर उठले. त्यांनी सभ्यपणे सांगितलं, की बाहेरचे देश ठीक आहेत, पण गाडा मुळात तिथल्याच पुढाऱ्यांनी आणि बँकवाल्यांनी खड्ड्यात घातला. ठेवींवर एवढं व्याज मिळतंय म्हटल्यावर लोकांनाही शंका यायला हवी होती.

सरांनी हातातला कपडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पहिलं मान्य. दुसरं नाही."

ते करंदीकरांशी बोलत होते, इंग्रजीतच, पण बघत होते नबीलकडे. "जिथे एवढे मोठे देश, त्यांचे वकील, तुमच्यासारखे प्रोफेसर बसले होते, त्यांना दिसलं नाही. ते एका बेकरीवाल्याला कसं दिसणार होतं? त्यानं बहिणीला सांगितलं, तिच्या भल्यासाठी सांगितलं. त्याची चूक नाही."

कुणाला काही कळलं नाही. नबील उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, माणूस दुखावला. मी मागोमाग गेले, तर ते कोट टांगायच्या खुंट्यांपाशी भिंतीकडे तोंड करून फोनवर अरबीत बोलत होते. मधेच हसत होते, मधेच डोळे पुसत होते. सर माझ्याआधीच तिथे पोचले होते आणि नबीलचा ओव्हरकोट दोन्ही हातांवर घेऊन उभे होते.

परतताना सर माझ्याच गाडीत बसले. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. नबीलच्या बहिणीनं बैरूतमधलं घर विकलं, तेव्हा पैसे बँकेत ठेव, असा सल्ला नबीलनीच दिला होता. सगळे अडकले. तेव्हापासून शरमेनं ते तिचा फोन घेत नव्हते, घराबाहेर पडत नव्हते. सर रोज त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. तुमची चूक नाही, एवढं म्हणून नबीलना पटेना, म्हणून सरांनी वाचायला सुरुवात केली.

"आणि तुम्हाला एवढं का लागलं ते?" मी विचारलं.

सर बाहेर बघत होते. पाचलाच अंधारून आलं होतं.

"आमच्या गावच्या पतसंस्थेत मी रिटायरमेंटचे सगळे ठेवले होते," ते म्हणाले. "सुमन नको म्हणे. मी म्हटलं, तुले काय समजते. मग संस्थेले कुलूप लागलं. नऊ वर्षं जगली त्याच्यानंतर, एका शब्दानं टोचून बोलली नाही. मीच तिच्यासमोर बसायचं सोडून दिलं. जेवण झालं की ओट्यावर जाऊन बसे." मग म्हणाले, "ती आतून पेपर वाचून दाखवे मोठ्यानं. मले ऐकू यावं म्हणून. मी ओ देत नसे."

आमच्या गल्लीचं वळण आलं. मी गाडी वळवली नाही, सरळ बंदराच्या रस्त्यानं नेली. कुठे चाललो, असं सरांनी विचारलं नाही.