केरबा नाईकांच्या नव्या वसाहतीची आणि हैबतरावांच्या डोळ्याची हकिकत

श्रीगजाननास नमन, कुलस्वामीस नमन, आणि ज्या काचेच्या पाटीवर बोट टेकले असता गाव वसते व बोट घसरले असता गाव बुडते, त्या पाटीसही दुरोन नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मासी जे घडले ते येणेप्रमाणे.

ते काळी एक राज्य होते. त्यास नाव नव्हते आणि ते भूमीवरही नव्हते. लोकांच्या हातातील काचेत होते. परंतु त्यात शेते पिकत, वेशी बंद होत, फौजा कूच करीत आणि माणसे जेवणाचे ताट बाजूस सारोन त्याचीच चिंता वाहत. या राज्याचे पूर्व अंगास हैबतराव मगदूम यांचे नगर तीन वर्षे नांदत होते. हैबतराव म्हणजे साखर कारखान्याचे बॉयलरवर उमर घालविलेले गृहस्थ. नोकरी सुटल्यावर हात रिकामे राहिले ते त्यांनी नगर बांधण्यास लाविले, आणि तट दुहेरी केला, आणि घोडदळ उभे केले, आणि शेजारचे राजे त्यांस वचकोन असत. मग दैवगती ऐसी की त्यांचे उजव्या डोळ्याचा आतील पडदा सुटला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, डोळ्यात वायूचा बुडबुडा ठेविला आणि हुकूम केला की चौदा दिवस पालथे पडोन राहावे, मान वर करू नये, काच तर पाहूच नये. मान वर केली तर बुडबुडा सरकेल आणि पडदा पुन्हा सुटेल. डावा डोळा लहानपणापासोन अधू. म्हणजे हा उजवा गेला तर मागे अंधारच.

मग हैबतरावांनी पलंगावर पालथे पडल्या जागेवरोन केरबा नाईकांस बोलावणे धाडिले. केरबा नाईक त्यांचे चाळीस वर्षांचे सोबती. त्याच कारखान्यात उसाच्या गाड्या काट्यावर घेत असत. ते येऊन पलंगाजवळ बसले तो समोर स्वामींची, म्हणजे हैबतरावांची, पाठ आणि मानेवरचे पांढरे केस. मुख काही दिसेना. हैबतरावांनी उशीत तोंड ठेवूनच मसलत सांगितली ती ऐसी की, नगराची फौज मोठी आहे, आपली शेते तिला पुरत नाहीत, आजवर आम्ही रोज इकडोन तिकडोन धान्य आणोन तिचे पोट भरीत होतो, आता आम्ही पडलो, फौज उपाशी मरेल. केरबांनी सुचविले की आपली मोहोर आमचे हाती द्यावी, आम्ही आपल्या नावे कारभार करू. तेव्हा हैबतराव म्हणाले की त्या राज्याचा कायदा कडक आहे, एकाची मोहोर दुसऱ्याने चालविली तर दोघांचीही गावे जप्त होतात. याकरिता तुम्ही आपले नावे नवे गाव वसवावे आणि तेथोन धान्य धाडीत जावे.

“मला त्यातलं काय कळतंय, हैबत?”

“काट्यावर तीस वर्षं गाड्या घेतल्यास नव्हं? तसंच हाय. आलेलं आत घ्यायचं, रांग मोडू द्यायची नाही.” मग म्हणाले, “आन् वंगाळ काय झालं तर लगेच सांग. मी उठतो. डोळ्याचं बघू मागनं.”

हे शेवटले बोलणे केरबांच्या छातीत रुतोन बसले. स्वामी हट्टी, उठतो म्हटले तर उठणारच, हे ते जाणत होते.

कार्तिक शुद्ध तृतीयेस सकाळी चहा घेऊन केरबांनी काच हाती धरिली आणि राज्यात प्रवेश केला. प्रथम नाव मागितले. केरबांनी आपले, वडिलांचे व आडनाव ऐसे तिन्ही लिहिले, तो इतके लांब नाव चालत नाही ऐसे उत्तर आले, मग नुसते केरबा राहिले. मग दिशा मागितली; पूर्व सांगितली, तरी जागा मिळाली ती हैबतरावांच्या नगरापासोन चार घटकांचे मजलेवर, एका ओढ्याचे काठी. मग हिरवी शाल पांघरलेली एक कारभारीण काचेत अवतरली आणि बोटाने हे बांधा, ते बांधा ऐसे दाखवू लागली. परक्या बाई आपणहून बोलत आहेत म्हणोन केरबांनी प्रथम हात जोडिले. तिने सांगितले की नवख्यास सात दिवस अभय आहे, तोवर कोणी राजा तुमचे गावास हात लावू शकत नाही. परंतु तुमचा एक जरी शिपाई वेशीबाहेर गेला तर अभय त्याच क्षणी सुटेल. केरबांनी मान डोलविली.

पुढे चुका जाहल्या त्या पुष्कळ. कारभारीण म्हणे आधी शेत वाढवा, लाकूडतोडे नेमा, मातीची खाण काढा. केरबांस वाटले वेशीवर राखण नाही तर शेत कोणाकरिता, म्हणोन त्यांनी आधी बराक बांधिली आणि बत्तीस भालदार ठेविले. ते बत्तीसजण बसल्या जागी खाऊ लागले आणि कोठार रिते जाहले. हैबतरावांस दूरध्वनीवर हे कळविले तेव्हा उशीतून हसू ऐकू आले, आणि मग हुकूम आला की आता एक भालदार वाढवशील तर बघ, शेत वाढव, शेत. मग केरबांनी शेते वाढविली, आणि प्रत्येक शेतास वाट पाहावी लागे, पहिल्यास पळे, दुसऱ्यास घटका, पाचव्यास अर्धा दिवस. वाट पाहणे हाच त्या राज्यातील मुख्य धंदा. केरबा खुर्चीवर बसोन काचेतील एक आकडा कमी कमी होताना पाहत, आणि डोळे चुरचुरत, आणि मान अवघडे, आणि आकडा संपला की दुसरा आकडा सुरू होई. त्यांचे कुटुंब मैनाबाई शेंगा निवडीत समोरच बसलेल्या असत. एके दिवशी त्या म्हणाल्या, “बंबाला चार लाकडं फोडा म्हटलं तर कंबर धरता. तिथं मात्र गावभर लाकूडतोडे ठेवल्यात.” चौथे दिवशी त्यांचा धान्याचा पहिला तांडा हैबतरावांच्या वेशीत पोहोचला, आणि हैबतरावांस हे कळताच ते म्हणाले की आज पोटभर जेवीन. धान्य थोडके होते, परंतु फौज जगली.

त्याच दिवशी एका राजाचे पत्र आले. त्याचे त्या राज्यातील नाव काळदंड. नगर उत्तरेस, फौज अपार, उमर पंचविशीची असावी ऐसे बोलण्यावरोन दिसे. पत्र मोठे अदबीचे होते. त्यात लिहिले होते की आजोबा, आपण नवीन आलात, आनंद जाहला, काही अडले तर विचारावे, आणि आपले शेजारी हैबतकाका पुष्कळ दिवसांत दिसले नाहीत, त्यांची प्रकृती बरी आहे ना. आता केरबांच्या मुलखाची रीत ऐसी की कोणी प्रकृती विचारिली तर बरी आहे म्हणोन वाटेस लावणे म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान. दुखणे कोणते, कधी लागले, डॉक्टर काय म्हणाले, पथ्य काय, किती दिवसांचे, हे सारे सांगावे, तेव्हा ते उत्तर जाहले. म्हणोन केरबांनी अर्धी सकाळ खर्चोन, एकेक अक्षर हुडकोन, लांब पत्र लिहिले. त्यात उजव्या डोळ्याचा पडदा लिहिला, वायूचा बुडबुडा लिहिला, स्वामी पालथे आहेत आणि अजोन दहा दिवस काच पाहणार नाहीत हेही लिहिले, आणि शेवटी आपण आपुलकीने विचारपूस केलीत याजबद्दल आशीर्वाद लिहिला.

दुसरे दिवशी सकाळी केरबांनी काच उघडिली तो हैबतरावांच्या नगराकडे उत्तरेकडोन तांबड्या खुणा निघालेल्या. एकामागे एक, मोजिल्या तर अकरा. कारभारणीस विचारिले, ती म्हणाली की या काळदंडाच्या फौजा आहेत, उद्या दोन प्रहरी पोहोचतील. आपल्या पत्राचे हे फळ, हे त्यांस समजावयास कोणी सांगावे लागले नाही. हैबतरावांची फौज मोठी, परंतु धनी जागा नाही तर फौज म्हणजे उभे केलेले बुजगावणे. कोठे दडावे, कोठोन फिरोन मारावे, हे सांगणारा हवा. सांगणारा पालथा पडलेला. त्यास कळविले तर तो मान वर करील, काच घेईल, नगर कदाचित राहील आणि डोळा जाईल. न कळविले तर नगर जाईल. मैनाबाईंनी विचारिले की तोंड ऐसे का उतरले, तेव्हा केरबा म्हणाले की काही नाही, पित्त आहे. मग त्यांनी काळदंडास दुसरे पत्र लिहिले, आखूड, की बाळा, मी तुझ्या आजोबांच्या वयाचा, ते पत्र मी विश्वासाने लिहिले होते, फौजा माघारी घे. उत्तर लागलेच आले. त्यात लिहिले होते, “आजोबा, राग धरू नका. खेळ आहे. काकांच्या डोळ्याला आराम पडू दे, मी मनापासून म्हणतोय.” आणि तांबड्या खुणा चालतच राहिल्या.

मग केरबांनी आपले बत्तीस भालदार हैबतरावांच्या तटावर मदतीस धाडण्याचा हुकूम दिला. काचेने विचारिले की अभय सुटेल, निश्चय आहे काय. केरबांनी होय यावर बोट ठेविले. बत्तीस भाल्यांनी अकरा फौजा अडत नाहीत हे त्यांस ठाऊक होते. परंतु आपण लिहिलेल्या पत्राचे पाठीमागे आपले कोणी उभे राहिले नाही ऐसे होऊ नये, इतकेच त्यांचे मनात होते. दुसरे दिवशी दोन प्रहरी तट पडला, कोठार लुटिले, घोडदळ कापिले, बत्तीसही पडले. अहवाल आला त्यात त्यांचा उल्लेख एका ओळीत होता. तेथोन फिरताना काळदंडाच्या दोन तुकड्या ओढ्याकाठी आल्या आणि केरबांचे गावही जाळोन गेल्या. अभय नव्हतेच. हिरव्या शालीची कारभारीण तरीही उभी राहोन म्हणत होती की आता शेत वाढवा.

संध्याकाळी हैबतरावांनी दूरध्वनीवर विचारिले, “काय केरबा, कसं काय गाव?” केरबा म्हणाले, “झकास हाय. कोठार भरत आलंय.” आणि तेथोन पुढे आठ दिवस हाच क्रम पडला. रोज सकाळी हैबतराव विचारीत आणि केरबा सांगत. उरला ढिगारा रोज पाहत आणि दूरध्वनी कानास लावोन नगर उभे करीत. एके दिवशी तट तिहेरी केला. एके दिवशी घोड्यांस पाणी पाजण्याकरिता ओढ्यास घाट बांधिला, पायऱ्या दगडी. एके दिवशी बाजार मांडिला, मग हैबतरावांनी विचारिले की बाजारात काय येते, तेव्हा केरबांनी वांगी सांगितली, घोंगड्या सांगितल्या, आणि एक बांगडीवाली सांगितली जी भाव कमी करीत नाही. हैबतराव म्हणत की घाटाची तिसरी पायरी रुंद ठेव, म्हाताऱ्यांस बसावयास होईल, आणि केरबा म्हणत की ठेविली. हे काम त्या पहिल्या सहा दिवसांच्या साऱ्या चुकांहोन जड होते. कारण काल काय सांगितले ते ध्यानी ठेवावे लागे, आणि खोटे सांगताना आवाज सरळ ठेवावा लागे, आणि दूरध्वनी ठेविला की केरबा भिंतीस पाठ लावोन बराच वेळ बसत. मैनाबाईंनी सारे ऐकिले होते. त्या चहा पुढे ठेवीत.

पंधरावे दिवशी डॉक्टरांनी पाहोन पडदा बसला म्हणोन सांगितले आणि हैबतराव उठोन बसले. केरबा भेटीस गेले ते सर्व कबूल करावयाचे ठरवोनच गेले. हैबतराव खिडकीपाशी बसले होते, गाल उशीने वळकटलेले, डोळा लाल, आणि काच पलीकडे तैशीच पालथी पडलेली. केरबा खाली बसले आणि म्हणाले की हैबत, नगर नाही. माझ्या पत्राने गेले. सहाव्या दिवशीच गेले. मी रोज खोटे बोललो.

हैबतराव म्हणाले, “ठाऊक हाय. वेशीवर फौज आली की त्या काचेतनं शिंग वाजतंय. त्या दिवशी उशाला अकरा वेळा वाजलं. मग वाजायचंच थांबलं.”

केरबांनी विचारिले, “मग उठला का नाहीस?”

“उठणारच हुतो. उठायच्या आधी तुला विचारलं, तर तू म्हणालास झकास हाय. म्हटलं, केरबा उभ्या जन्मात खोटं बोलला नाही. आज बोलतोय, तर कशापायी तरी बोलतोय. म्हणून पडून राहिलो.”

“आणि रोज विचारत का हुतास?”

“पालथं पडून दुसरं काय करायचं? तू बांधत हुतास, मी तिथं राहत हुतो.”

हैबतरावांच्या डोळ्यास पाणी आले तेव्हा केरबांनी घाबरोन चोळू नको म्हटले आणि डॉक्टरांनी दिलेला कापूस आणोन दिला.

येणेप्रमाणे त्या बिननावाच्या राज्यात एक जुने नगर बुडाले व एक नवे गाव जळाले, आणि या बाजूस एका माणसाचा एक डोळा राहिला. काळदंडाची कीर्ती उत्तरेस वाढली म्हणतात. केरबा पुन्हा त्या राज्यात गेले नाहीत, दमले होते. हकिकत खरी, लिहिण्यात उणे अधिक जाहले असेल ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने सरळ करोन घ्यावे. इति.