पयलं दही

आमच्या वाडीतल्या गणूनानांना साधं काही विचारायची सोय नाही. वीर स्टेशनला जायला रिक्षा गेली का, एवढंच विचारा. नाना वाडीत पहिली रिक्षा कुणी आणली तिथून सुरुवात करणार. तोवर वीरची गाडी पनवेल गाठते! "मुळाशी जावं गो, मुळाशी," हे त्यांचं पालुपद. एका साखरपुड्यात पाहुण्यांचं मूळ गाव, त्याआधीचं गाव, त्याही आधीचं, असं विचारत बसले. वरणभात निवून गेला. शेवटी मुलाचा बाप म्हणाला, "अहो, आता माकडांवर आलो, जेवू तरी द्या!"

नानांची बायको, आमच्या शांताकाकी, गेल्यावर मुलाने नानांना मुंबईला नेलं. महिन्याने परतले तर काकींचं दही नासून गेलेलं. लग्नात तुडीलहून, माहेराहून आणलेल्या विरजणाचं ते दही. रोज चमचाभर राखून काकींनी जन्मभर पुढे चालवलेलं.

"पोलादपुरात पिशवीतलं मिळतं की," मी म्हटलं.

"त्याचं मूळ मशीन गो! मना तिचं हवं."

काकी अख्ख्या वाडीला विरजण देत आलेल्या. कुणाकडे तरी टिकलं असणार, म्हणून नाना वाटी घेऊन दारोदार हिंडायला लागले. एकीने म्हैसच विकलेली. दुसरीने मिरचीचे देठ दुधात टाकून दही लावलेलं. ते ऐकून नाना जरा खुलले. "दही लावाया दही लागतं, मग पयलं दही कशानं लागलं, याचा मना घोर होता. देठानं लागलं म्हण!" पण वाटी रिकामीच.

आमचं दार तेवढं चुकवायचे. भिंतीला भिंत लागून घर, आणि मी नवी नवरी असल्यापासून माझ्याकडे काकींचंच विरजण! मला असा राग आला म्हणता! नाही येत तर राहू देत, मीही बोलावत नाही.

शेवटी एका संध्याकाळी आले. मी फणकारले, "मुळाशी जाता ना? मग शेजारचं दार दिसलं नाही होय?"

नाना उंबऱ्यावर टेकले. "ठाव होतं गो, तुझ्याकडं असणार. पन तूपन नाय म्हणली असतीस, तर पुढं दारच नव्हतं."

मी त्यांच्या हातातली वाटी घेतली. आतून भरून आणून दिली.

सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "लागलं गो, लागलं!" धावत गेले. बोटभर चाखलं नि तोंड वाकडं झालं. आंबटढोण!

"तिचं असंच व्हायचं," नाना म्हणाले, आणि डोळे मिटून खात राहिले. तळाशी चमचाभर उरलं तेव्हा थांबले, आणि वाटीवर झाकण ठेवलं.