कुबलमामांची बोर्दो

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. कुबलमामांचा विषय निघाला की त्यांचे किस्से सांगून लोकांना हसवायचो आणि शेवटच्या किश्शाआधी काहीतरी निमित्त काढून उठायचो. आता तसं चटकन उठण्यासारखे गुडघे राहिले नाहीत.

साठच्या दशकातली दुबई. खाडीकाठच्या देरा भागातल्या खोलीत आम्ही तिघे: मी, रत्नागिरीचे हुसेनभाई आणि मालवणचे कुबलमामा. टेबलफॅन एकच, आणि त्याचं तोंड ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या एका बाटलीकडे.

"मामा, जरा इकडे फिरवा ना!"

"तू माणूस आहेस, सोसशील. ती बोर्दो आहे."

मामा एका बोट कंपनीच्या एजंटाकडे कारकून. फ्रेंच बोटीवरच्या एका आचाऱ्याने त्यांना ही तांबडी वाईन भेट दिली, आणि सोबत ज्ञानही. तेव्हापासून आमचं प्रत्येक जेवण त्या बाटलीपुढे परीक्षेला बसू लागलं. हुसेनभाईंनी सुरमई तळली की मामा मान हलवत. "नापास. माशाबरोबर ती लोखंडासारखी लागते." आमटी? "आमटीपुढे ती बिचारी काय करणार?" झणझणीत कोंबडी? "भांडण होईल दोघींचं." पास फक्त मटण, तेही बेताच्या तिखटाचं, मंद आचेवरचं.

"ती हराम चीज माझ्या चुलीपासून लांब ठेवा म्हणजे झालं," हुसेनभाई म्हणायचे. "खलास!"

"अरे हुसेन, हे मिश्रण आहे, मिश्रण! काबर्ने नावाचं द्राक्ष एकटं असलं तर ताठ, तुरट. मेर्लो मऊ. दोघांचं लग्न लावलं की बोर्दो." मग आवाज खाली यायचा. "काबर्ने म्हणजे मी. मेर्लो म्हणजे आमची सुमती."

सुमतीमामी मालवणात. लग्नाची हळद उतरायच्या आत मामा इकडे आले होते. मामी आल्या की पहिल्या जेवणाला बाटली उघडायची, हे ठरलेलं.

अखेर मामींची बोट ठरली. मामांनी खाडीपलीकडे बर दुबई भागात वेगळी खोली घेतली. एका शुक्रवारी ते तिथे रंग द्यायला गेले, हुसेनभाई नमाजाला. माझ्याकडे दोन दोस्त आले, आणि तळलेल्या बांगड्यांबरोबर गप्पांच्या नादात आम्ही बोर्दो संपवली. मग भान आलं. हुसेनभाईंच्या घरून आलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, कोपऱ्यात होतं. रंग थेट तोच. पाणी घालून बाटलीत भरलं, बूच ठोकलं, वर लाख लावली.

मामी आल्या. पहिल्या जेवणाला मामांनी मला हाताला धरून नेलं. पानात मटण, स्टीलच्या पेल्यांत बोर्दो. मामींनी देवाची क्षमा मागितली आणि डोळे मिटून घोट घेतला.

"अवो, ह्यां तर आगळ!"

मामांनी घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी एक हाड चोखत होतो. त्यात काही नव्हतं.

"मगे!" मामा तिला म्हणाले. "फ्रेंच लोकांका काय समाजत नाय काय? मालवणची चव त्यांकाय होयी."

मामी खुदकन हसल्या. पेला पुढे केला. "आणखी वायच घाला."

निघताना मामा मला होडीच्या धक्क्यापर्यंत सोडायला आले. तिथे म्हणाले, "दारू प्यावी लागणार म्हणून सुमती सकाळी रडत होती रे. आत्ता हसली." मग विचारलं, "मला फक्त एवढं सांग. कशी लागली?"

मला आठवेना. खरंच आठवेना. घटाघट प्यायलो होतो.

पुढे मामा कितीतरी वेळा भेटले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, आणि आता ते नाहीत. त्या दिवशी धक्क्यावर मात्र ते वाट बघत उभे होते. "चुकलो" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "निघतो मामा, होडी चुकेल."